‘अतिरिक्त’ ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

२८ डिसेंबर २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सार्वजनिक क्षेत्रातील चार औषध कंपन्यांविषयी एक निर्णय घेतला. नोटाबंदीच्या पन्नास दिवसांची मुदत संपत आली होती, साऱ्या देशाचे लक्ष बँकांसमोरच्या रांगांकडे होते आणि त्यामुळे या निर्णयाची व्हावी तशी चर्चा झाली नाही. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, ऋषिकेश-हैदराबाद-गुरुग्राम येथे कारखाने असलेली इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स अर्थात आयडीपीएल, राजस्थान ड्रग्ज आणि कोलकात्याची बेंगॉल केमिकल्स या त्या चार कंपन्या. त्यांची थकीत देणी भागवण्यास लागेल तेवढी ‘अतिरिक्त’ जमीन विकावी. त्यानंतर आयडीपीएल व राजस्थान ड्रग्ज बंद कराव्यात आणि उरलेल्या दोन कंपन्यांची धोरणात्मक विक्री करावी, असे ठरले.

शासकीय टिपणांच्या भाषेत आयुष्याची तीन दशके घालवल्यामुळे मला काही विशेषणांविषयी कायमचा संशय जडला आहे. ‘अतिरिक्त’ हे त्यांतील अग्रगण्य. ‘अनधिकृत’ ठरवायचे तर कायद्याचे कलम दाखवावे लागते, ‘नादुरुस्त’ ठरवायचे तर अभियंत्याचा दाखला लागतो. ‘अतिरिक्त’ ठरवायला मात्र बहुतेक वेळा एक बैठक पुरते. त्या बैठकीत जमिनीचा नकाशा असतो, रेडीरेकनरचा दर असतो, थकबाकीचा आकडा असतो. वीस वर्षांनी त्या शहरात किती लोक राहणार आहेत आणि ते कशाने आजारी पडणार आहेत, याचा कागद तिथे क्वचितच असतो.

या चार कंपन्यांचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण तो ठाऊक नसेल तर जमीन म्हणजे निव्वळ क्षेत्रफळ उरते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली पिंपरीत स्थापन झाली. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञानाची बाजू सांभाळली आणि पेनिसिलिनसाठी आयातीवर अवलंबून असलेल्या देशात ते तयार होऊ लागले. याच संस्थेच्या प्रयोगशाळेत ‘हॅमायसिन’ हे बुरशीविरोधी औषध शोधले गेले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे आद्याक्षर त्याच्या नावात आहे. आयडीपीएल १९६१ची, सोव्हिएत साह्याने उभी राहिलेली. बेंगॉल केमिकल्सची मुळे तर आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या उद्योगात आहेत. १९०१ मध्ये तिची कंपनी झाली आणि १९८० मध्ये राष्ट्रीयीकरण. कोलकात्याच्या मेट्रोतील एका स्थानकाचे नावच ‘बेंगॉल केमिकल’ आहे. मुंबईकरांना प्रभादेवीतील बेंगॉल केमिकलचे आवार नुसत्या नावावरून ओळखता येईल. तेथील जमिनीचा भाव काय, हे मी त्यांना सांगायला नको.

१९७५च्या हाथी समितीने औषधनिर्मितीत सार्वजनिक क्षेत्राला नेतृत्वाची भूमिका द्यावी, अशी शिफारस केली होती. त्यानंतरच्या दीड दशकात या कंपन्या आतून पोखरत गेल्या. नियंत्रित किमती, अकार्यक्षम खरेदी, नेमणुकांतील राजकारण, जुनी यंत्रे ही कारणे सर्वांना माहीत आहेत आणि त्यांतले एकही खोटे नाही. १९९२ मध्ये आयडीपीएल आजारी उद्योगांच्या मंडळापुढे गेली. म्हणजे २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने हात घातला तो पाव शतक रखडलेल्या दुखण्याला, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

पण पुढे काय घडले ते पाहा. २०१६च्या निर्णयानुसार जमीन केवळ सरकारी संस्थांनाच विकायची होती. ती अपेक्षेप्रमाणे विकली गेली नाही. १७ जुलै २०१९ रोजी मंत्रिमंडळाने ही अट बदलली आणि सार्वजनिक उपक्रम विभागाच्या १४ जून २०१८च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार विक्रीला परवानगी दिली. त्याच बैठकीत कर्मचाऱ्यांची देणी भागवण्यासाठी ३३०.३५ कोटी रुपयांचे अंदाजपत्रकी साह्य मंजूर झाले. त्यांतील १५८.३५ कोटी थकीत वेतनाचे आणि १७२ कोटी स्वेच्छानिवृत्तीचे. कंपनीनिहाय पाहिले तर २८०.१५ कोटी एकट्या पिंपरीच्या कंपनीसाठी. हजाराहून अधिक कामगारांना त्याचा लाभ होणार होता. महिनोन्‌महिने पगार न मिळालेल्या कामगाराला त्याचे पैसे मिळायलाच हवेत, याबद्दल वाद असू शकत नाही. मात्र एक गोष्ट नजरेतून सुटू नये. जमीन विकून देणी फेडायची, हे मूळ सूत्र अडीच वर्षांत कोलमडले आणि अखेर पैसा तिजोरीतूनच द्यावा लागला. जो खर्च शेवटी अंदाजपत्रकातून करावाच लागतो, त्यासाठी जमीन तारण ठेवल्यासारखी का वागवावी?

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. बंद होणाऱ्या उपक्रमांच्या जमिनीचा वापर करताना पहिले प्राधान्य परवडणाऱ्या घरांना द्यावे, असे २०१८ची तत्त्वे सांगतात. घरे हवीतच. पण औषध कारखान्यासाठी, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या कारणासाठी, संपादित केलेली वा देण्यात आलेली जमीन मोकळी होते तेव्हा ‘आरोग्याला हिची गरज आहे का’ हा प्रश्न आधी विचारण्याची सक्ती या व्यवस्थेत कुठेच नाही. तो प्रश्न विचारला गेलाच, तर तो एखाद्या अधिकाऱ्याच्या वैयक्तिक चांगुलपणामुळे.

बेंगॉल केमिकल्सच्या बाबतीत तर काळानेच मंत्रिमंडळाच्या टिपणावर शेरा मारला. ज्या आर्थिक वर्षात तिच्या विक्रीचा निर्णय झाला, त्याच २०१६-१७ मध्ये अनेक दशकांच्या तोट्यानंतर ही कंपनी नफ्यात आली. कर्मचारी संघटना न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर २०१८ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने विक्रीचा निर्णय रद्द ठरवला. केंद्राने त्याविरुद्ध अपील केले. मग २०२०चा वसंत आला. क्लोरोक्वीन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या गोळ्यांसाठी जगभर धावाधाव सुरू झाली, तेव्हा क्लोरोक्वीन बनवणारी सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी म्हणून हेच नाव पुन्हा वर्तमानपत्रांत झळकले. त्या गोळ्यांचा कोविडवर उपयोग झाला नाही, हे नंतर सिद्ध झाले. तो मुद्दा वेगळा. टंचाईच्या दिवसांत शासनाला स्वतःच्या मालकीच्या कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक शोधावासा वाटला, एवढेच इथे नोंदवायचे आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या वादात सर्वाधिक उपयोगी वाटणारे उदाहरण मात्र औषध कारखान्याचे नाही. ते चेन्नईजवळच्या तांबरमचे आहे. क्षयावर औषध नव्हते तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता. त्यासाठी गावाबाहेर प्रशस्त जागा लागे. १९२८ मध्ये डॉ. डेव्हिड चौरी मुथू यांनी तांबरम येथे खासगी सॅनेटोरियम सुरू केले. १९३७ मध्ये मद्रास सरकारने ते ताब्यात घेतले. आजही तेथील उपनगरी रेल्वे स्थानकाचे नाव ‘तांबरम सॅनेटोरियम’ आहे. पुढे त्याच मद्रास शहरात भारतीय वैद्यक संशोधन परिषद, राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र उभारले आणि घरी राहून औषधे घेणारे रुग्ण व सॅनेटोरियममधील रुग्ण यांची तुलना केली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शहरातील दाटीच्या वस्तीत, अपुऱ्या आहारावर राहूनही नियमित औषधे घेणारे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे होत होते. क्षयरोगाच्या जागतिक उपचारपद्धतीला वळण देणारे हे संशोधन. त्याच्या एका फटक्यात जगभरातील सॅनेटोरियमे आणि त्यांची शेकडो एकर जमीन शास्त्रीयदृष्ट्या ‘अतिरिक्त’ ठरली.

त्या निकषावर १९६० साली तांबरमची जमीन विकली असती तर कोणत्याही लेखापरीक्षकाला आक्षेप घेता आला नसता. ती विकली गेली नाही. यामागे काही दूरदृष्टी होती, असा दावा मी करणार नाही. बहुधा कोणाला सुचले नाही किंवा फाइल पुढे सरकली नाही. १९९३ पासून या रुग्णालयाने एचआयव्हीबाधितांना दाखल करून घ्यायला सुरुवात केली. इतर अनेक रुग्णालये अशा रुग्णांना दारातूनच परत पाठवत होती, तो हा काळ. तांबरम देशातील एचआयव्ही उपचारांच्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक झाले. सॅनेटोरियमच्याच परिसरात राष्ट्रीय सिद्ध संस्था उभी राहिली आणि २००५ मध्ये तिचे उद्‌घाटन झाले. ज्या रोगाचे नावही १९५९ मध्ये अस्तित्वात नव्हते, त्याच्यासाठी जागा राखली गेली ती केवळ ती विकली न गेल्यामुळे.

हैदराबादच्या एर्रागड्डा येथील छातीविकार रुग्णालयाची कथा याच जातीची, पण अधिक अलीकडची आणि थोडी विनोदीही. जानेवारी २०१५ मध्ये तेलंगणाच्या तत्कालीन सरकारने हे रुग्णालय विकाराबादच्या अनंतगिरी टेकड्यांवर हलवायचे आणि त्या जागी राज्याचे नवे सचिवालय बांधायचे ठरवले. जुन्या सचिवालयाची वास्तू सदोष आहे, हे त्यामागचे एक कारण जाहीरपणे सांगितले गेले. सचिवालयाला वास्तुदोष आणि क्षयाच्या गरीब रुग्णाला शहरापासून काही तासांचा प्रवास, अशी ती अदलाबदल होती. विरोध झाला, न्यायालयात याचिका गेल्या आणि योजना बारगळली. नवे सचिवालय अखेर जुन्याच जागी बांधले गेले व एप्रिल २०२३ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. आणि एर्रागड्डाची जमीन? त्याच सरकारने एप्रिल २०२२ मध्ये तिथे हजार खाटांच्या नव्या रुग्णालयाची पायाभरणी केली. सात वर्षांपूर्वी ‘दुसऱ्या कामाला द्यायला हरकत नाही’ असे वाटलेली जागा महासाथीनंतर त्याच शासनाला आरोग्यासाठी हवीहवीशी झाली.

महासाथीचा उल्लेख आलाच आहे तर ऋषिकेशचेही सांगतो. आयडीपीएलच्या बंद पडलेल्या कारखान्याचा तो परिसर म्हणजे मोडक्या शेडचे आणि रिकाम्या वसाहतींचे गाव. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, संरक्षण संशोधन व विकास संघटनेने तिथे ५०० खाटांचे तात्पुरते कोविड रुग्णालय उभारले आणि शेजारच्या एम्सने ते चालवले. महाराष्ट्रातील वाचकांना वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदान, पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मैदान आणि पिंपरीतील अण्णासाहेब मगर स्टेडियम येथील जम्बो केंद्रे आठवत असतील. खाटा, प्राणवायूच्या टाक्या, परिचारिका यांची जुळवाजुळव काही आठवड्यांत करता आली, कारण जागा शासनाच्या हातात होती. खासगी मालकाशी भूसंपादनाची बोलणी करायची असती तर ती लाट ओसरेपर्यंत पहिली नोटीसही बजावली गेली नसती. मोकळ्या जागेची ही जी राखीव किंमत असते, ती कोणत्याही मूल्यांकन अहवालात मला आजवर दिसलेली नाही.

आता दुसरी बाजू. मोकळी सरकारी जमीन मोकळी राहत नाही, हे प्रशासनात काम केलेला प्रत्येक जण जाणतो. कुंपण नसते, मोजणी झालेली नसते, महसूल दप्तरी मालकाचे नाव कधी ‘सरकार’, कधी ‘आरोग्य खाते’, तर कधी एखाद्या लोप पावलेल्या संस्थानाचे असते. मी एका जिल्ह्यात असताना तेथील रुग्णालयाच्या आवारातील जवळजवळ तिसरा हिस्सा गाळे, गॅरेज आणि एका प्रार्थनास्थळाने व्यापला होता; रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे जमिनीचा नकाशाच नव्हता आणि तालुका कार्यालयातील नकाशात रुग्णालय नव्हते. अशा जमिनीविषयी ‘निदान विकून पैसे तरी येतील’ असे कोणी म्हणत असेल तर त्याला सरसकट जनविरोधी ठरवणे अन्यायाचे आहे. प्रभादेवीसारख्या ठिकाणी औषध कारखाना चालवण्यात शहाणपण नाही, हेही मान्य करावे लागेल. तिथली जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देऊन, किंवा अगदी विकूनही, माणिकतला वा पाणिहाटीच्या कारखान्यात नवी यंत्रे येणार असतील तर मी त्या बाजूने मत देईन. माझा आक्षेप विक्रीला नाही; विक्रीचा पैसा कुठे जातो आणि निर्णय कोण घेतो, याला आहे.

या संदर्भात इंग्लंडचा अनुभव पाहण्यासारखा आहे, कारण तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने हा प्रयोग आपल्यापेक्षा फार मोठ्या प्रमाणावर आणि कागदोपत्री नोंदी ठेवून केला. त्याची पहिली फेरी मनोरुग्णालयांची. १९६१ मध्ये आरोग्यमंत्री एनॉक पॉवेल यांनी जुन्या, अवाढव्य मनोरुग्णालयांच्या अंताची घोषणा केली. वैद्यकीयदृष्ट्या दिशा बरोबर होती. माणसांना आयुष्यभर कोंडून ठेवणाऱ्या त्या इमारती होत्या. रुग्णांची व्यवस्था समाजात, वस्तीपातळीवर होणार होती. इमारती रिकाम्या झाल्या, जमिनी विकल्या गेल्या. वस्तीपातळीवरील सेवा मात्र कधीच त्या प्रमाणात उभी राहिली नाही. उत्तर लंडनमधील फ्रायर्न रुग्णालय आज प्रिन्सेस पार्क मॅनर नावाचे उच्चभ्रू निवासी संकुल आहे.

दुसरी फेरी गेल्या दशकातली. एप्रिल २०१३ मध्ये स्थानिक आरोग्य संस्था बरखास्त करून त्यांच्या सुमारे ३६०० मालमत्ता एका सरकारी मालमत्ता कंपनीकडे सोपवण्यात आल्या. २०१५ मध्ये आरोग्य सेवेच्या जमिनींतून दोन अब्ज पौंड उभे करायचे आणि २६ हजार घरांना जागा मोकळी करायची, असे उद्दिष्ट ठरले. सर रॉबर्ट नेलर यांच्या मार्च २०१७च्या अहवालाने या मोहिमेला शिस्त देण्याचा प्रयत्न केला. आरोग्य सेवेला सुमारे दहा अब्ज पौंड भांडवलाची गरज आहे, हे त्यात मांडले होते. एक सूचना विशेष होती. रुग्णालयाने जमीन विकून जेवढे उभे केले, तेवढीच रक्कम सरकारने त्यात घालावी, म्हणजे विक्री करणाऱ्याला आपण लुटले जात आहोत असे वाटणार नाही.

प्रत्यक्षात त्याच काळात काय चालले होते? तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच वर्षांत भांडवली तरतुदीतील ४.३ अब्ज पौंड रोजच्या खर्चाकडे, म्हणजे पगार-औषधांकडे, वळवले गेले. एका हाताने जमीन विकून भांडवल उभे करण्याची मोहीम चालू आणि दुसऱ्या हाताने त्याहून मोठे भांडवल दैनंदिन खर्चात जिरवणे चालू! इमारतींची रखडलेली दुरुस्ती २०२३-२४ मध्ये १३.८ अब्ज पौंडांवर पोहोचली. गळकी छपरे आणि टेकू दिलेली शस्त्रक्रियागृहे हा तेथील वृत्तपत्रांचा नेहमीचा विषय झाला आहे. ज्या देशात लेखापरीक्षण वेळेवर होते आणि संसदीय समित्या खात्याच्या सचिवाला घाम फोडतात, तिथे हे घडले.

आपल्याकडची रचना याहून सैल आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय जमीन चलनीकरण महामंडळाला मंजुरी दिली. अधिकृत भागभांडवल ५००० कोटी, भरणा झालेले १५० कोटी. केंद्रीय उपक्रमांनी तोवर सुमारे ३४०० एकर जमीन त्यासाठी सुचवली होती. जमिनीचे मूल्यांकन, कायदेशीर बाबी, बाजारात मांडणी यांसाठी एक तज्ज्ञ संस्था असावी, हे योग्यच. सचिवालयातील उपसचिवाने गुगलवर भाव पाहून निविदा काढण्यापेक्षा ते शतपट बरे. पण हे महामंडळ अर्थ मंत्रालयाखाली आहे आणि त्याचे यश मिळालेल्या रकमेवर मोजले जाणार. जमिनीचा मूळ हेतू आरोग्य होता की पोलाद, हा भेद त्याच्या मोजपट्टीत बसत नाही.

शिवाय ‘विक्री’ या शब्दाखेरीजही जमीन हातची जाते. दिल्लीत इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयाला सरिता विहारमध्ये १५ एकर जमीन महिना एक रुपया भाड्याने देण्यात आली. दिल्ली सरकार त्यात भागीदार. अट अशी, की एकतृतीयांश खाटा आणि बाह्यरुग्ण विभागातील ४० टक्के सेवा गरिबांना मोफत. मोफत म्हणजे औषधांसह मोफत की केवळ खाट मोफत, यावर वर्षानुवर्षे वाद झाला आणि २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला ते स्पष्ट करावे लागले. तरीही मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला असा इशारा द्यावा लागला, की गरिबांना मोफत उपचार मिळत नसतील तर हे रुग्णालय एम्सकडे सोपवावे लागेल. सवलतीच्या जमिनीवरील दिल्लीच्या इतर खासगी रुग्णालयांसाठी १० टक्के खाटा आणि २५ टक्के बाह्यरुग्णसेवा हे प्रमाण २००७ मध्ये उच्च न्यायालयाने लागू केले. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब करायला जुलै २०१८ उजाडले. एका साध्या अटीच्या अंमलबजावणीसाठी एवढी वर्षे लागत असतील, तर निती आयोगाने २०२० मध्ये सुचवलेल्या किंवा आंध्र प्रदेशाने २०२५ मध्ये दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी स्वीकारलेल्या खासगी भागीदारीच्या प्रतिमानातील अटी कोण, कशी आणि किती काळ तपासणार, याचे उत्तर करारावर सही करण्याआधी मिळाले पाहिजे. भाडेपट्टा हा विक्रीपेक्षा चांगला पर्याय आहे, असे मी मानतो. पण ज्या खात्याकडे भाडेपट्ट्याच्या अटींची नोंदवहीच नाही, त्याच्यासाठी साठ वर्षांचा भाडेपट्टा आणि कायमची विक्री यांत फरक उरत नाही.

पुढचा क्रमांक बहुधा मनोरुग्णालयांचा लागेल. रांची, आग्रा, बरेली, येरवडा या संस्थांची आवारे ब्रिटिश काळात गावाबाहेर आखली गेली आणि आज ती शहरांच्या मध्यात आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला. तो अमलात आला तर खाटा कमी होतील आणि जमीन ‘अतिरिक्त’ दिसू लागेल. ठाण्यात याची चुणूक दिसली आहे. ठाणे व मुलुंडदरम्यानचे नवे रेल्वे स्थानक तेथील प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या जागेवर होणार आहे आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा मार्ग मोकळा केला. लाखो प्रवाशांच्या सोयीचे स्थानक हा सार्वजनिक हेतूच आहे. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की बाहेर पडणाऱ्या रुग्णांसाठी कायद्याने सांगितलेली संक्रमण निवासे त्याच जमिनीच्या मोबदल्यातून उभी राहणार आहेत काय? फ्रायर्नमध्ये ती राहिली नाहीत.

जमिनीची गरज संपली, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच कागदांकडे पाहावे. १९४६च्या भोर समितीने दीर्घकालीन योजनेत दहा ते वीस हजार वस्तीला ७५ खाटांचे प्राथमिक रुग्णालय, त्यावर ६५० खाटांचे आणि जिल्ह्याला २५०० खाटांचे रुग्णालय कल्पिले होते. ते स्वप्न आपण केव्हाच गुंडाळले. पण २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही दर हजार लोकसंख्येमागे दोन खाटांचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि आपण त्यापासून दूर आहोत. आपल्याच उद्दिष्टापासून दूर असलेल्या शासनाकडे अतिरिक्त रुग्णालय-जमीन असूच शकत नाही; असू शकते ती चुकीच्या जागी असलेली जमीन. आणि त्यावरचा उपाय अदलाबदल हा आहे.

तेव्हा व्यवहारात काय करता येईल? सार्वजनिक आरोग्य आणि जमीन हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत, म्हणून सुरुवात राज्यांनी करावी. आरोग्य खात्याच्या प्रत्येक मालमत्तेची मोजणी, सीमा, मालकी, भाडेपट्टे आणि अतिक्रमणे यांची यादी दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवली जावी. ज्या काळात शेतकऱ्याचा उतारा भ्रमणध्वनीवर दिसतो, त्या काळात हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. कोणतीही जमीन विक्रीला काढण्यापूर्वी आरोग्य खात्याने त्या शहराच्या पुढील २५ वर्षांच्या गरजेचा लेखी दाखला द्यावा. अर्थ वा महसूल खात्याचा दाखला त्याला पर्याय नसावा. आलेला पैसा स्वतंत्र निधीत जावा आणि त्यातून केवळ जमीन, इमारत, उपकरणे यांवर खर्च व्हावा. थकीत वेतन आणि वीजबिल त्यातून देण्यास कायद्यानेच मज्जाव असावा. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी अशा व्यवहारांची तपासणी निविदेच्या किमतीपुरती न ठेवता पाच वर्षांनी त्या पैशाचे काय झाले, इथपर्यंत न्यावी. नेलर यांची दुपटीची कल्पना आपल्याला झेपणार नाही. निदान विक्रीतून आलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या नियमित तरतुदीतून वजा होणार नाही, एवढी हमी अर्थ खात्याने द्यावी. माझा अनुभव असा, की सर्वांत कडवा विरोध या शेवटच्या सूचनेला होतो.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यास ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती. इमारत नसलेली उपकेंद्रे, प्राथमिक केंद्रे, शहरांतील आरोग्यवर्धिनी केंद्रे यांचा त्यात समावेश होता. इमारतीसाठी पैसा मंजूर झाला, तरी शहरांत अडचण येते ती जागेची. शहरी आरोग्य केंद्रे व्यापारी संकुलातील गाळ्यांत, पहिल्या मजल्यावर, उद्वाहकाविना चालवावी लागतात आणि गरोदर स्त्रिया व वृद्ध जिना चढून तिथे पोहोचतात. त्या गाळ्यांचे मासिक भाडे सरकारी आरोग्य यंत्रणाच भरते. एखाद्या राज्याच्या आरोग्य खात्याने आपल्या मोठ्या शहरांतील अशा भाड्याच्या केंद्रांची यादी आणि विक्रीसाठी सुचवलेल्या जमिनींची यादी एकाच नकाशावर मांडून पाहावी. हे काम भूमापन विभागाला दोन महिन्यांत करता येईल आणि त्यासाठी कोणत्याही मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही.